मदत हवी आहे: बचत गटासाठी कोणतं प्रशिक्षण खरंच उपयोगी पडतं? (नवी मुंबई)

नमस्कार,

कोपरखैरण्यात आमचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आगरी मसाला, एरवी चटण्या आणि भाजणी. उद्यम नोंदणी झाली आहे, अन्न परवानाही आहे. आता गटासाठी एक प्रशिक्षण निवडायचंय. काहीजणींना बेकरीचं हवंय, मला हिशेबाचं.

आजवर मिळालं ते सगळं वस्तू बनवायचं: केक, मेणबत्त्या, कागदी पिशव्या. प्रमाणपत्रं आली, विक्री होती तिथेच राहिली. मसाला कसा करायचा हे आमच्या ताईंना कोणी शिकवायला नको. अडतं ते भावापाशी. तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून बेडगी, संकेश्वरी आणायची, देठं काढायची, वाळवायची, डंकावर कुटून आणायची. मिरची महागली तरी ओळखीच्या गिऱ्हाइकाला भाव गेल्या वर्षीचाच! वाळवताना वजनात येणारी घट कोणी धरत नाही, टेम्पोभाडं आठवलं तर धरतात आणि स्वतःची मजुरी तर कधीच नाही. त्यात मसाल्याच्या पैशातूनच मुलांची फी आणि गॅस. सीझन संपल्यावर नेमकं सुटलं किती, कोणालाच सांगता येत नाही.

पण नुसत्या हिशेबाच्या वर्गानेही भागेल का, ही शंका आहे. टोगो देशात १५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला होता. नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणाने नफ्यात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. स्वतःहून नवं गिऱ्हाईक, नवा माल शोधायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने मात्र नफा सुमारे ३० टक्के वाढला. श्रीलंकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात आधीपासून धंदा करणाऱ्या बायकांना नुसत्या प्रशिक्षणाने फायदा झाला नाही. सोबत भांडवल दिलं तेव्हा नफा वाढला, तोही काही काळच.

तुमच्या गटात असं काही झालं असेल तर कृपया सविस्तर लिहा. वर्ग संपल्यावर कोणी घरी येऊन वह्या बघितल्या का? भाव वाढवल्यावर गिऱ्हाईक टिकलं का? आणि फरक पडला की नाही हे मोजायचं कसं? मसाल्याची कमाई तीन-चार महिन्यांतच होते, त्यामुळे मागच्या महिन्याशी तुलना करून काहीच कळत नाही.

ठाणे-नवी मुंबईत मराठीतून शिकवणारं कोणी माहीत असल्यास व्यनि (खाजगी निरोप) करा. दुपारी दोन ते चार हीच वेळ सगळ्यांना जमते. दोघी-तिघींना लिहायची सवय नाही, त्यांना जमेल अशी हिशेबाची पद्धत कोणी वापरली असेल तर तीही सांगा.