मदत हवी आहे : ‘फिल्मइंडिया’ची मूळ मुखपृष्ठे कोठे पाहता येतील?

सांगलीत आम्ही काही वाचक ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकावर छोटे प्रदर्शन भरवत आहोत. बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये मुंबईत सुरू केलेले हे मासिक १९६० मध्ये ‘मदर इंडिया’ झाले आणि त्याचा रोख सिनेमाकडून राजकारणाकडे वळला. नटनट्यांची भीड न बाळगणारी परीक्षणे आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेली झणझणीत उत्तरे यांमुळे ते आजही वाचनीय वाटते, म्हणून ते नव्या पिढीसमोर यावे अशी मनापासून इच्छा आहे.

आमच्याकडे पन्नाशीच्या दशकातील काही बांधीव खंड आहेत. परंतु बांधणी करताना मुखपृष्ठे काढून टाकलेली आहेत. कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कडेचे तुकडे हातात येतात, त्यामुळे खंड उसवणे किंवा स्कॅनरवर पालथे ठेवणे शक्य नाही. आंतरजालावरील मोफत प्रती चाळल्या. त्यांत आम्हाला हवे असलेले, म्हणजे १९५० नंतरचे, अंक मिळाले नाहीत. जिल्ह्यातील ग्रंथालयांतही विचारणा केली आहे.

एस. एम. पंडित यांनी रंगवलेली मुखपृष्ठे मुख्यतः हवी आहेत. त्यांचे निधन १९९३ मधले असल्याने स्वामित्वहक्काचा प्रश्नही आहेच. प्रदर्शन विनामूल्य असून काहीही विकायचे नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९५० ते १९६० चे अंक मुखपृष्ठांसह पाहता येतात का, तेथे छायाचित्रे घेण्यासाठी आधी कोणता अर्ज करावा लागतो आणि ही चित्रे मांडण्यासाठी परवानगी कोणाकडे मागावी?