उपोद्घात की उपोद्धात? आणि मुळात हा शब्द ठेवू का?

वहीतलीशाई:
आईच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी एका लांबोडक्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. त्याचं छोटं पुस्तक करतेय, घरच्यांपुरतंच. वहीच्या सुरुवातीला बाबांची अकरा पानं आहेत आणि वर ठसठशीत अक्षरात मथळा, ‘उपोद्घात’. टाइप करणाऱ्या मुलाने ‘उपोद्धात’ केलं. पहिलं प्रूफ वाचताना माझ्या लक्षातच आलं नाही, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध दिला तर मात्र सापडेना, तेव्हा ट्यूब पेटली. आता भाऊ म्हणतो, "ध च बरोबर आहे, उद्धार, उद्धृत तसं. बाबांचंच चुकलं असेल." बाबा आणि शुद्धलेखनाची चूक! पण मला पटवून देता येत नाही. शिवाय भाचीने विचारलं, "याचा अर्थ काय गं?" तर मी "प्रस्तावनाच" म्हणून मोकळी झाले. मग सरळ ‘प्रस्तावना’च का लिहू नये?

जुळारी:
ताई, घ च. मी खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे. द ला जोडलेला घ आणि द ला जोडलेला ध, दोन्ही खिळे हातात घेतले तरी फसायला व्हायचं. ‘उद्घाटन’चं ‘उद्धाटन’ झालेल्या निमंत्रणपत्रिका मी स्वतः छापल्या आहेत, आणि गंमत म्हणजे आलेल्या पाहुण्यांपैकी एकानेही हटकलं नाही. उपाय सांगतो: या एका शब्दापुरता द चा पाय मोडून घ सुटा ठेवा, ‘उपोद्‌घात’ असा. दिसायला जरा तुटक, पण वाचणारा अडखळणार नाही. आणि अनुक्रमणिका वेगळी तपासा. ती नेहमी वेगळ्या फाइलीतून येते आणि चुका तिथे लपतात.

धातुसाधित:
भावाचा तर्क वेडगळ नाही, म्हणून नीट सांगतो. उद् + हृत = उद्धृत. इथे द् च्या शेजारी आलेल्या ह चा ध झाला. ‘उद्धत’ही तसाच, उद् + हत, आणि त्यातला धातू हन्, म्हणजे मारणे. आता मजा बघा. ‘उपोद्घात’मध्येही तोच हन् आहे! पण ‘घात’ हे रूप होतानाच ह चा घ होऊन बसतो (आघात, घातक आठवा). मग उद् च्या शेजारी ह उरतच नाही, ध कशाचा होणार? उप + उद् + घात. एकाच घरातले दोघे, एकाला ध मिळाला, एकाला घ. बाबांचं बरोबर.

अर्थाचं म्हणाल तर ‘उद्घात’ म्हणजे ठेच, धक्का, आणि आरंभसुद्धा. ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात देव ब्रह्मदेवाची स्तुती करतात, तिथे वेदवाणीचा उद्घात प्रणव आहे, म्हणजे ती ॐकाराने सुरू होते. शास्त्रग्रंथांत ‘उपोद्घात’ला आणखी नेमका अर्थ आहे: हातातला विषय सिद्ध व्हावा म्हणून आधी करून घ्यावा लागणारा विचार. ‘प्रस्तावना’ मुळात नाटकातली, सूत्रधार आणि नटी येऊन बोलतात ती. तिचंच दुसरं नाव ‘आमुख’. तेव्हा भाचीला "प्रस्तावनाच" सांगितलंत ते ढोबळ चालेल, पण दोन्ही एक नव्हेत.

पावशेर:
घरच्यांपुरतं पुस्तक आहे ना? ‘दोन शब्द’ लिहा आणि अकरा पानं टाका. मराठीत ‘दोन शब्द’ कधीच दोन नसतात.

धातुसाधित:
@पावशेर, हसलो. पण शीर्षक मेलेल्या माणसाच्या हातचं आहे, ते बदलण्याआधी ताईंनी ती अकरा पानं एकदा वाचून बघावीत. लेखक स्वतःविषयी, पुस्तक कसं झालं याविषयी बोलत असेल तर ते मनोगत. ओवी म्हणजे काय, ती जात्याच्या फेऱ्याशी कशी बांधलेली, हे सांगत असेल तर तो उपोद्घातच.

वहीतलीशाई:
वाचली. म्हणजे आधी वाचली नव्हती असं नाही, पण या नजरेने नव्हती.

पहिली तीन पानं आईबद्दल आहेत. ती दळताना बाबा दाराआड बसून लिहायचे, कारण समोर बसलं की ती गप्प व्हायची. मग एक आडवी रेघ, आणि पुढची आठ पानं निव्वळ विषयाची: चरण कुठे तुटतो, खुंट्यावरचा हात बदलताना सूर कुठे थांबतो, ‘बाई’ आणि ‘गं’ कुठे भरीला येतात. मथळा ‘उपोद्घात’ वर पहिल्या पानावर दिसतो खरा, पण त्याची शाई त्या आठ पानांचीच, निळी. पहिली तीन काळ्या शाईत आहेत आणि कागदही वेगळा, नंतर शिवलेला. मथळ्याच्या पानावर वरचा भाग कापून चिकटवलाय, ते मला आज कळलं.

तर तीन पानांना मथळा न देता तशीच आधी ठेवतेय. ‘मनोगत’ बाबांनी लिहिलं नाही, मी कशाला लिहू. उपोद्‌घात रेघेनंतर, घ सुटा. भावाला उद्धतचं उदाहरण पाठवलं, त्याचा नुसता अंगठा आलाय.

जुळारी काका, अनुक्रमणिकेत खरंच ध निघाला.