मदत हवी आहे: चर्चमधल्याच माणसाने पैसे थकवलेत, काय करू?

प्रभूमध्ये सलाम सगळ्यांना. माझं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे, तीन कारागीर. आमच्याच मंडळीतल्या एका भावाने घरभर काम करून घेतलं, निम्मे पैसे दिले आणि बाकीचे "पुढच्या आठवड्यात" करत आता पाच महिने झाले. दर रविवारी शेजारच्या बाकावर बसतो, हात मिळवतो, विषय काढला की घड्याळ बघतो!

वकील म्हणतो नोटीस पाठवा. पण बायबलमधल्या १ करिंथ ६ मध्ये प्रेषित पौलाने स्पष्ट लिहिलंय की विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर कोर्टात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसा. बरं सोसतो, माझं मी सोसेन हो, पण कारागिरांचं काय? बायबलमधलंच अनुवाद हे पुस्तक (२४:१५) म्हणतं मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत द्या, आणि मी गेल्या महिन्यात पगार आठ दिवस उशिरा दिला. पाकीट घेताना आमचा सुतार काही बोलला नाही, फक्त नोटा दोनदा मोजल्या. ते फार लागलं मला.

मत्तय १८ मध्ये येशूने सांगितल्याप्रमाणे आधी एकट्याने जाऊन बोललो, झालं. आता एक-दोन साक्षीदार घेऊन जायचंय, तर पाळकांना न्यावं का धंद्यातल्या कुणाला? आणि तरी नाही ऐकलं तर नोटीस पाठवणं चूक ठरेल का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा. आणि पुढच्या कामाला मंडळीतल्यांकडूनही अर्धा ॲडव्हान्स घेता आणि लेखी कोटेशन देता का तुम्ही? मला मागायला लाज वाटते, तिथेच फसतो बहुतेक. नुसतं "प्रार्थना करा" नका लिहू, ती चालूच आहे.