संशोधनावरच्या एका रुपयाचे दहा होतात म्हणे, मग ते आमच्या शिवारात का दिसत नाहीत?

खानापूरची लेक:
नमस्कार. मी धारवाडला अर्थशास्त्रात एम.ए. करते. 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत आखडली आणि आंतरराष्ट्रीय कृषी संशोधनाचे बरेच प्रकल्प अडकले. तेव्हा वर्गात सरांनी सांगितलं, सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थांच्या जाळ्यावर खर्चलेल्या रुपयामागे सुमारे 10 रुपयांचा फायदा होतो, असा 2020 चा अभ्यास आहे. घरी बोलले तर बाबा म्हणाले, "मग ते दहा रुपये गेले कुठं? भाताला दर काय मिळाला बघितलीस न्हवं?" त्यांना काय सांगू?

काळं रान, बैलहोंगल:
ताई, घरच्या रानात इंद्रायणी भात आहे का? असेल तर त्यातले काही पैसे तिथंच उभे आहेत. जुनं आंबेमोहर भात वासाला एक नंबर, पण ताट उंच. लोंबी भरली आणि परतीचा पाऊस आला की सगळं आडवं, मग चिखलातनं कापायचं. आज याच जाळ्यात असलेल्या फिलिपाइन्सच्या भात संशोधन संस्थेनं 1966 मध्ये आयआर-8 हे बुटकं भात दिलं, इंडोनेशियाचं पेटा आणि तैवानचं एक ठेंगणं वाण यांच्या संकरातनं. आपल्याकडच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आयआर-8 चा आंबेमोहर-157 शी संकर केला आणि 1987 मध्ये इंद्रायणी आलं. मधे 21 वर्षं गेली! शिवाय भाताचं बी शेतकरी घरीच राखतो, म्हणून कंपनी असल्या कामात पैसा घालत नाही. तो लोकांच्याच पैशातनं यायला हवा. आज निधी तोडला तर उद्या काहीच कळणार नाही, पंधरा-वीस वर्षांनी कळेल. मला त्याचीच भीती वाटते.

बाबांचा प्रश्न मात्र रास्त आहे. उत्पादन वाढलं की दर उतरतो आणि फायद्यातला मोठा वाटा खाणाऱ्याकडं जातो. एव्हेन्सन आणि गोलिन या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये हिशेब मांडला होता: 1965 नंतर विकसनशील देशांना सुधारित वाण मिळाले नसते, तर 2000 साली धान्याचे भाव 35 ते 66 टक्क्यांनी जास्त असते. बेळगावात हमाली करून तांदूळ विकत घेणाऱ्या घराला ते पैसे पोचले. बाबांना पावती कुणी दिली नाही एवढंच.

निपाणीकर:
सरासरीवर फार विसंबू नका. मोजकी वाणं जगभर पसरतात, बाकी कितीतरी प्रकल्प अहवालातच संपतात. आणि इंद्रायणीत मावळच्या केंद्राचे कष्ट आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आंबेमोहर राखलेल्या शेतकऱ्यांचेही आहेत. सगळं श्रेय फिलिपाइन्सच्या खात्यावर टाकलं तर आकडा फुगणारच.

काळं रान, बैलहोंगल:
मान्य. पण आकडा निम्मा केला, तरी पाचपट राहतो. कुठल्या ठेवीवर मिळतं सांगा.

आणि सगळाच फायदा दरात विरघळत नाही. आमच्याकडं अन्निगेरी हरभरा. मर हा रोग लागला की ऐन फुलोऱ्यात झाड मान टाकतं. उपटून बुंधा उभा चिरला तर आत काळपट रेघ दिसते. दोन दिवसांत शेजारचं झाड. पाटणचेरूची, त्याच जाळ्यातली इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि रायचूरचं कृषी विद्यापीठ यांनी मर रोखणारा गुण याच जुन्या अन्निगेरीत आणला, 2019 मध्ये सुपर अन्निगेरी-1 प्रसारित झालं. असं वाचलेलं पीक थेट शेतकऱ्याच्या पोत्यात जातं. बाबांना हे सांग, त्यांना पटेल.

खानापूरची लेक:
धन्यवाद काका. घरी इंद्रायणीच आहे. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, वाण आलं ते बरं झालं, पण दराचं कोण बघणार? त्यावर मीही काही बोलले नाही, कारण तो प्रश्न संशोधन केंद्राचा नाही, बाजाराचा आणि सरकारचा आहे.

अथणीचा रयत:
आमच्याकडंही मर फार आहे. हे सुपर अन्निगेरीचं बी कुठं मिळतं?

काळं रान, बैलहोंगल:
पेरणीच्या आधी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा. तिथं नसेल तर रायचूर विद्यापीठाच्या बियाणे विभागात चौकशी करा. पिशवीवरचं वाणाचं नाव आणि प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी बघूनच घ्या.