किशोरवयीन नैराश्याचे निदान ईईजीवरून करावे का?

धागा (लोकमान्यनगर, इंदूर):
गेल्या महिन्यात माझ्या सोळा वर्षांच्या भाचीचा एका खासगी केंद्रात ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) काढला. लाल-निळ्या रंगांत छापलेला मेंदूचा नकाशा हाती ठेवून "नैराश्य आहे" असे सांगितले. ती रात्री झोपते का, जेवते का, हे कोणी विचारलेही नाही. ईईजीविषयी मला आकस नाही. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख पहिल्यांदा नोंदवला आणि अपस्मारात तो आजही मोलाचा आहे. नैराश्याचे मात्र तसे नाही. कपाळामागच्या डाव्या भागात अल्फा लहरी (सेकंदाला ८ ते १३ आवर्तने) उजव्यापेक्षा जास्त दिसल्या, तर तो भाग मंदावला आहे असे मानून त्याचा नैराश्याशी संबंध जोडला गेला. पण २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निदानासाठी ही खूण भरवशाची ठरली नाही. त्यातून या वयात मेंदूच्या लहरी वाढीबरोबर बदलतच असतात. असा नकाशा निदान म्हणून पालकांना देणे मला चुकीचे वाटते.

प्रतिसाद (एक आई, सुदामानगर):
मी सहमत नाही. भंवरकुव्याचा क्लास सोडून माझा मुलगा दिवसभर पडून राहू लागला, तेव्हा घरात सगळे त्याला आळशी म्हणत. ईईजीचा कागद पाहिल्यावर माझे सासरे प्रथमच त्याच्या खोलीत गेले आणि तपासणीसाठी लावलेली, केसांत वाळलेली पेस्ट बोटांनी सोडवत बराच वेळ त्याच्याजवळ बसले. शिवाय संशोधन पोकळ नाही. खेळात बक्षीस मिळाल्यावर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात उमटणारी लहर काही किशोरवयीन मुलींमध्ये क्षीण आढळली आणि पुढे त्यांच्यात नैराश्याची शक्यता अधिक दिसली.

प्रतिसाद (निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, रामबाग):
ताई, ते अभ्यास खरे आहेत, पण तो फरक गटांच्या सरासरीतला आहे. निरोगी आणि आजारी मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या मुलाविषयी त्यावरून काही ठरवता येत नाही. मी वर्षानुवर्षे मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आहेत. हा सगळा खेळ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षाव्या भागाचा आहे. पापणी लवली, घाबरून दात दाबले, डुलकी लागली की आलेख बदलतो, आणि ते न गाळता रंग भरले तर नकाशा दिसतो देखणा, पण खोटा. डॉक्टरांना फिटची शंका असेल तर ईईजी जरूर काढावा. नैराश्यासाठी किमान दोन आठवड्यांची लक्षणे, मुलांमध्ये तर उदासीऐवजी नुसती चिडचिडही, बोलूनच समजून घ्यावी लागते. आणि मला खरी भीती वेगळीच आहे: ज्या मुलीचा आलेख नॉर्मल येईल, तिच्यावर घरचे विश्वास ठेवतील का?

प्रतिसाद (एक आई, सुदामानगर):
हा विचार माझ्या मनात आला नव्हता, काका, आणि तो मला अस्वस्थ करतो आहे. तरीही माझी तक्रार कायम आहे. आम्हाला तपासणीत जेमतेम दहा मिनिटे मिळाली. डॉक्टरांनी सासऱ्यांना समोर बसवून हा आजार समजावला असता, तर मला त्या कागदाची गरजच पडली नसती.