बासरीवर मायनरचे खालचे सूर फुटतात, काय करू?

रंकाळाकाठी: ई स्केलची बासरी आहे. भजनाच्या ग्रुपात कीबोर्डवाला ई मायनर (म्हणजे ग, ध, नी कोमल) धरतो. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, कोमल ध आणि कोमल नी वाजवायला गेलं की नुसती हवा येते, नाहीतर सूर वरच्या सप्तकात उडतो. फुंक कमी पडते का?

भावा_सूर_धर: फुंक कमी नाही भावा, जास्त होतेय बघ. खाली जोर नको, ओठ सैल, हवा सावकाश. आणि आधी सहाही भोकं बंद करून मंद्र प लांब धर, तो स्वच्छ येत नसेल तर बोट कुठंतरी गळतंय, बहुतेक अनामिका. टोकाने नको, बोटाच्या सपाट पेराने झाक. मग कोमल ध ला सहावं (फुंकीकडून मोजून) अर्धं उघड, कोमल नी ला पाचवं अर्धं आणि सहावं पूर्ण.

देवल_क्लबच्या_मागं: कीबोर्डवाला ऐकणारा असेल तर त्याला सी शार्प मायनर घ्यायला सांग की लगा! मंद्र ध ला सा मानलास की तीच ई बासरी आसावरी थाटाचे, म्हणजे मायनरचेच, सूर देते, अर्धं भोक फक्त जुन्या (ई ला सा धरून मोजलेल्या) शुद्ध म ला लागतं. पण असा सा धरला की खाली एकच सूर उरतो, कारण सहा भोकांच्या बासरीत मंद्र पंचमाखाली जागाच नाही. बासरीवादक पन्नालाल घोषांनी सातवं भोक पाडलं ते त्याखालच्या तीव्र मध्यमासाठीच.

रंकाळाकाठी: अनामिकाच गळत होती! कीबोर्डवाला मात्र ऐकायचा नाही.