शुगर आहे, मग लघवीतल्या अल्ब्युमिनची टेस्ट दरवर्षी करायची की नाही?

कर्वेनगरकर:
आमच्या सोसायटीत शुगरवाले बरेच आहेत, सगळे नेमानं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करतात, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन पण करतात, पण लघवीचा एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, केलाय का विचारलं की म्हणतात ते काय असतं. अहो किडनीचं काम बरंच कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं आणि अल्ब्युमिन बऱ्याचदा त्याच्या कितीतरी वर्षं आधीच लघवीत झिरपायला लागलेलं असतं. टाइप 2 ला निदान झाल्यापासून आणि टाइप 1 ला 5 वर्षांनंतर दरवर्षी ही टेस्ट करायला सांगतात. डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर आपण विचारायचं, यात लाजायचं काय?

पर्वती_पायथा:
विचारा की, पण सरसकट सगळ्यांना हिच्या मागे लावू नका. माझ्या वडिलांचा एसीआरचा आकडा 48 आला, 30 च्या आत हवा असतो, आईनं दोन दिवस धड जेवण केलं नाही, तिच्या डोक्यात डायलिसिसच. आणि झालं काय होतं, तर बाबा भराभर पर्वती चढून उतरून तसेच लॅबमध्ये सॅम्पल द्यायला गेले. नंतर आरामात केली तर 17. ताप, युरीन इन्फेक्शन, पाळी, वाढलेलं बीपी, कशानंही हा आकडा वर जातो. असल्या टेस्टवर माणसाला किडनीचा पेशंट म्हणायचं?

लॅबवाली:
एका रिपोर्टवर म्हणायचंच नसतं दादा. 3 ते 6 महिन्यांत तीनपैकी दोन रिपोर्ट 30 च्या वर आले तरच धरायचं, 300 च्या वर गेला तर मामला जास्त गंभीर. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. मला खरी काळजी उलट्या बाजूची वाटते, रुटीन युरीनला प्रोटीन निल आलं की लोक खुश होऊन जातात, पण त्या टेस्टमध्ये लघवीत बुडवतात त्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन कळतच नाही. एसीआरमध्ये अल्ब्युमिनला लघवीतल्याच क्रिएटिनिननं भागतात त्यामुळे पाणी कमीजास्त प्यायल्यानं फारसा फरक पडत नाही.

सिंहगडरोड_७७:
पण अल्ब्युमिन म्हणजेच सगळं असं धरून चाललाय तुम्ही. शुगरच्या कितीतरी पेशंटचं ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) घसरतं आणि लघवी स्वच्छच राहते, त्यांचं काय? एनगॅल, किम-1 असले मार्कर आहेत, ते किडनीच्या नळ्यांना झालेली इजा दाखवतात. त्यांच्याकडे बघा ना.

कर्वेनगरकर:
म्हणूनच ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही करायचं, एकावर विसंबायचं नाही. नवीन मार्करचं म्हणाल तर युरोपात प्रायॉरिटी नावाचा अभ्यास झाला, 2020 ला निकाल आला. लघवीतल्या 273 पेप्टाइडच्या (प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांच्या) पॅटर्नवरून अल्ब्युमिन वाढायच्या आधीच धोका ओळखता आला, ही मोठी गोष्ट आहे, पण त्या लोकांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊनही पुढचं वाढणं थांबलं नाही. म्हणजे लवकर कळलं आणि हातात औषध नाही. अल्ब्युमिनचं तसं नाही. 2019 च्या क्रेडेन्स ट्रायलमध्ये एसीआर 300 च्या वर असलेलेच लोक घेतले होते, कॅनाग्लिफ्लोझिन या शुगरच्या औषधानं किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर गोष्टींचा धोका साधारण 30 टक्क्यांनी कमी झाला.

पर्वती_पायथा:
बर मग हे सांगा, बाबा बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन आधीपासून घेतायत. किडनीला जे द्यायचं ते चालूच आहे, मग दरवर्षी पैसे घालून बदलणार काय?

लॅबवाली:
चालू आहे पण पुरतंय का ते आकडाच सांगतो ना. वाढत गेला तर डॉक्टर टेल्मिसार्टनचा डोस वाढवतात, फिनेरेनोन या किडनीसाठीच्या औषधाचा विचार करतात, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर बंद करायला लावतात. आणि 300 च्या वरच्यांचा आकडा किमान 30 टक्क्यांनी खाली आणायचं बघतात, ते मोजल्याशिवाय कसं कळणार?

सिंहगडरोड_७७:
पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. कामवाल्या मावशी, रिक्षावाले, यांना मोफत शिबिरात बोटातनं रक्त काढून शुगर सांगतात आणि घरी पाठवतात. नगरसेवकांनी त्याच शिबिरात एक लघवीची डबी ठेवली तर काय बिघडेल? मी तर म्हणतो सोसायटीवाल्यांपेक्षा आधी त्यांची करा.

पर्वती_पायथा:
याला माझा पाठिंबा. पण मग रिपोर्ट वाढलेला आला तर परत दोनदा करून द्यायची जबाबदारी पण शिबिरवाल्यांनीच घ्यायची, नुसता आकडा हातात देऊन माणसाला वाऱ्यावर सोडायचं असेल तर माझा विरोध कायम.